सगळ्या बाह्या डाव्या

संकट आलं की रडत बसायचं नसतं, त्याला खुर्ची द्यायची आणि विचारायचं, "बोल बाबा, काय आणलंस माझ्यासाठी?" असं आमचे भाऊजी सांगतात. हे ऐकायला लोक फी भरून येतात. मला फुकट ऐकावं लागतं, कारण मी त्यांची वहिनी.

भाऊजींनी आधी शोभेचे मासे विकले. मासे मेले. मग पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, तर कंपनीच मेली. मग मोबाइलची कव्हरं विकली. ती मेली नाहीत, आमच्या माळ्यावर अजून जिवंत आहेत. प्रत्येक वेळी म्हणायचे, "वहिनी, हा तोटा नाही, धडा आहे." इतके धडे गिरवल्यावर माणूस दुसऱ्यांना शिकवायला निघणार, हे ओघानंच आलं. कुठलासा कोर्स करून आले आणि कार्ड छापून घेतलं: ग्रोथ कोच. म्हणजे काय, असं मी विचारलं. म्हणाले, "लोकांना वाढवतो." स्वतःचं पोट सोडून त्यांनी काही वाढवल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आमचा धंदा कपडे शिवायचा. धुण्याचा साबण आणि मशीनचं तेल यांचा मिळून एक वास येतो ना, तसल्या वासाची लांब खोली, भिंतीला लागून शिलाई मशिनी, मधोमध कापड कापायचं भलंमोठं टेबल. हॉटेलं, दवाखाने, शोरूम, सगळ्यांचे गणवेश आम्ही शिवतो. कापायचं काम माझ्या नवऱ्याचं. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, दुकानात मीही.

मास्तरांचा दरारा काय सांगू! शिवलेला कपडा हातात घ्यायचे, खिडकीशी धरायचे, एक टाका जरी वाकडा दिसला की कपडा परत मशीनवर टाकायचे आणि एकच शब्द बोलायचे, "उसव." ना आवाज चढवणं, ना शिवी. त्या एका शब्दाला बायका चळाचळा कापायच्या. पण वर्षभर झालं, तो शब्द कुणी ऐकला नव्हता. कपडा हातात घेत, बोटं फिरवत, मान डोलवत, ठेवून देत. आम्हाला वाटलं, वयानं मवाळ झाले. पहिल्या मशीनवर जी बसते, तिला आम्ही टकळी म्हणतो, कारण मशीन थांबली तरी तिचं तोंड थांबत नाही. ती म्हणाली, "ताई, मास्तर सुधारले हो!" मीही हसले. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय.

त्या दिवसांत एका नव्या हॉटेलचं काम आलं होतं. वेटरांसाठी गडद निळे कोट. कापड झकास, एका अंगानं चकचकीत, दुसऱ्या अंगानं मंद. असलं कापड कापायची रीत अशी की एक थर सुलटा अंथरायचा, त्यावर दुसरा उलटा, म्हणजे तोंडाला तोंड. मग वरून कापायच्या मशीनची पाती फिरवली की एका फटक्यात डावी आणि उजवी अशी जोडी निघते. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात हे. मास्तरांनी तर अर्ध्या शहराला शिकवलंय.

सकाळी कामाला सुरुवात झाली आणि टकळी ओरडली, "ताई, मला उजवी बाही द्या." मी पलीकडचीला म्हटलं, तुझ्यातली दे. ती म्हणाली, "माझ्याकडे डाव्याच आहेत." तिसरीकडे डाव्या. चौथीकडे डाव्या. मी गठ्ठाच उचलला आणि टेबलावर उपडा केला. सगळ्या बाह्या डाव्या! पुढचे भाग पाहिले, तेही सगळे डावे. जगातल्या सगळ्या वेटरांना दोन डावे हात असते तर आमच्यासारखे आम्हीच.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" मी किंचाळलेच. "सगळे थर एकाच बाजूनं अंथरलेत! एक बाजू आरशासारखी चमकतेय, दुसरी राखेसारखी. आंधळ्यालासुद्धा कळलं असतं!"

मास्तरांनी एक बाही उचलली आणि बोटांनी चाचपली. मग टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. आणि त्या चाचपण्यातच मला सगळं समजलं. खिडकीशी कपडा धरणं कधी बंद झालं, सुईत दोरा ओवायला ते टकळीला का सांगतात, जिना उतरताना पहिल्या पायरीवर का थांबतात, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि मी काय बोलून बसले होते! जीभ झडावी असं वाटलं.

घरी गेल्यावर मी विचारलं. ते म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलला असेल."

"मग चला डॉक्टरकडे."

"आणि डॉक्टर म्हणाला, आता कात्री खाली ठेवा, तर? मग मी काय करायचं? येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचं?"

"आणि पातीखाली बोट गेलं तर? तेव्हा कोण देईल पाणी?"

"इतकी वर्षं गेलं का?" विषय संपला. हट्टीपणात आमच्या ह्यांचा हात धरणारा अजून जन्मायचाय.

तर कोटांचं काय? तेच कापड आणखी मिळत नव्हतं, हॉटेल उघडायला आठवडा. शेवटी शिवणाऱ्या कुणालाही सुचेल तेच मी केलं. डावा भाग उलटा केला की उजवा होतो. निम्मे भाग उलटून जोडले. कोट तयार झाले खरे, पण कसे? डावं अंग चकचकीत, उजवं अंग मंद. जणू अर्ध्या माणसाला इस्त्री केलीय आणि अर्ध्याला विसरलोय. हॉटेलवाल्याचे पाय धरायचे आणि आगाऊ रक्कम परत करायची, अशी मी मनाची तयारी केली.

तेवढ्यात भाऊजी आले. वास बरा लागतो त्यांना. कोट पाहिला, दोन पावलं मागे गेले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वहिनी, हे संकट नाहीये."

"मग काय आहे?"

"कलेक्शन."

मी हात जोडले. पण हॉटेलचा मॅनेजर येईपर्यंत भाऊजी हलले नाहीत. मॅनेजरनं कोट पाहून तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द बाहेर पडायच्या आत भाऊजींनी सुरू केलं. माणसाच्या दोन बाजू म्हणे, उजेड आणि अंधार. पाहुणा समोरून येतो तेव्हा त्याला उजेड दिसतो, वेटर वळला की अंधार. रहस्य! मी टेबलाखाली पडलेल्या चिंध्या गोळा करत होते, मान वर काढायची सोय नव्हती. मॅनेजर बिचारा. उद्घाटन तोंडावर आलेलं, दुसरे कोट आणणार कुठून? तो हळूच म्हणाला, "वेगळं आहे खरं." बस्स. बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे काडीही आमचीच, बुडणारेही आम्हीच.

आणि चाललं हो! मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी कोट तोंडावर फेकून मारतील. तर तिथे आलेल्या एका सलूनवाल्यानं विचारलं, हे कुठे शिवले? मग एका शोरूमवाल्यानं. मग एका व्यायामशाळेनं. सगळ्यांना अर्धं चमकायचं होतं आणि अर्धं विझायचं होतं. भाऊजींनी पाटी रंगवून घेतली, "उजेड-अंधार". जे कापड आधी चुकून एका बाजूनं अंथरलं गेलं, ते आता ठरवून तसंच अंथरायचं. टकळी म्हणाली, "ताई, आधी माहीत असतं तर मी आजवर किती चुका केल्या, सगळ्या विकल्या असत्या."

मास्तर खूश होते, आणि तेच मला खुपत होतं. कितीतरी दिवसांनी लोक त्यांना भेटायला येत होते, हात हातात घेत होते. "ही दृष्टी कुठून आली?" असं विचारत होते. आता बोला! मास्तर हसायचे, आणि कुणाशी बोलतोय हे आवाजावरून ओळखायचे. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "आता? आत्ता तर कुठे बरे दिवस आलेत." धंदा वाढत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. उभी पाती खालीवर पळते, डावा हात तिच्यापुढे कापड दाबून सरकत असतो. हातात घालायला लोखंडी जाळीचा मोजा आहे, पण तो ते घालेनात. "मोज्यातून कापड कळत नाही," म्हणायचे. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी बघत होते, आणि तीच बोटं पातीपुढे.

एका दुपारी मशीनचा आवाज एकदम बदलला. मी धावले. मास्तरांच्या शर्टाचा कफ पातीनं अर्धा उडवला होता. हात शाबूत होता. मनगटावर साधा ओरखडाही नव्हता. मी अजून त्यांची बोटं मोजतेय आणि हे म्हणतात, "कफ जुनाच होता."

भाऊजी तिथेच होते. मला वाटलं, सख्खा भाऊ आहे, आता तरी घाबरेल. त्यांनी दादाचा हात उचलला, तो लोंबणारा कफ इकडून तिकडून पाहिला आणि पुटपुटले, "एक कफ पूर्ण, एक अर्धा… वहिनी, हे पण चालेल."

मी त्यांना बाहेर जिन्यात नेलं. म्हटलं, "भाऊजी, तुमच्या दादाला दिसत नाहीये. सुलटं-उलटं दिसत नाही, पाती दिसत नाही. आज कफ गेला, उद्या बोटं जातील. तुमचं ऐकतात ते. त्यांना डॉक्टरकडे न्या."

भाऊजी गंभीर झाले. तो चेहरा ते कोर्समध्ये शिकलेत. म्हणाले, "नेऊ ना वहिनी. पण जरा थांबून. आत्ता सगळं जोरात आहे. पुढच्या रविवारी माझं मोठं सत्र आहे, दादा त्यातला मुख्य माणूस. आणि मनातलं सांगू? दादाला दिसायला लागलं, तर तो हे असलं शिवेल का?"

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण माझ्या ओठांवर आली होती. दिराला कुत्रं म्हणण्याचं मला काही वाटलं नसतं, पण नवऱ्याला आंधळं म्हणायचं धाडस पुन्हा झालं नाही. मी ती गिळली आणि वर निघून गेले.

रविवारी मी गेले सत्राला. नवऱ्याला एकट्याला पायऱ्या उतरू देणार नव्हते. मोठा हॉल, निळ्या कपड्यानं झाकलेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली आणि पेन. धंदा बुडालेले, बुडणारे आणि बुडवायची हौस असलेले असे सगळे जमले होते. माझ्या शेजारी शटर विकणारे एक गृहस्थ होते. ते भाऊजींचं प्रत्येक वाक्य उतरवून घेत होते, खोकलेलं सोडून.

भाऊजींनी डाव्या बाह्यांची गोष्ट सांगितली. त्यात मी नव्हते, टकळी नव्हती, चूकही नव्हती. दादानं म्हणे त्या पहाटे कापड अंथरताना क्षणभर थांबून विचार केला, "जग जसं अंथरतं, तसंच मी का अंथरू?" टाळ्या. मग मास्तरांना वर बोलावलं. मी त्यांना पायऱ्यांपर्यंत हात धरून नेलं. लोकांना वाटलं, काय प्रेम आहे!

भाऊजींनी हँगरवर लटकवलेला कोट पुढे केला. नवाकोरा, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत. "दादा," ते माइकमध्ये म्हणाले, "सगळ्यांना दाखवा. यातला उजेड कुठला?"

साधा प्रश्न होता. हॉलमधलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मास्तरांनी हात पुढे केला. मला माहीत होतं ते काय करणार, बोटांनी पाहणार. पण बोटांना प्लास्टिक लागलं. वर डोक्यावर ते मोठे दिवे, प्लास्टिक सगळीकडून सारखंच चमकणारं. त्यांनी मान थोडी वाकडी केली. कोट समोरून आहे की पाठमोरा, हेही त्यांना कळत नसावं. एवढ्या लोकांपुढे माझा माणूस एकटा उभा होता आणि त्याचा हात हवेत चाचपडत होता. वाटलं, ओरडून सांगावं, डावीकडे हो, डावीकडे!

मास्तरांनी बोट टेकवलं. मंद बाजूवर.

"हा उजेड," ते म्हणाले.

हॉलमधली पेनं थांबली. भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कोर्समध्ये हा धडा नव्हता बहुतेक. आणि तेवढ्यात माझ्या शेजारचे शटरवाले उठून उभे राहिले. "व्वा!" ते ओरडले. "जिथे अंधार, तिथेच उजेड! क्या बात है!" मग काय, सगळा हॉल उठला. टाळ्यांवर टाळ्या. पेनं सरसर चालायला लागली. एक बाई तर डोळे पुसत होत्या. भाऊजींच्या जिवात जीव आला आणि त्यांनी लगेच मान डोलवली, जणू हे कालच ठरलं होतं.

मास्तर खाली आले. मी हात धरला, खुर्चीवर बसवलं. टाळ्या अजून चालूच होत्या. त्यांनी माझ्याकडे तोंड न वळवता विचारलं, "चुकलं ना?"

मी म्हटलं, "हो."

"कुणीच बोललं नाही."

"नाही."

त्यांनी हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "मी कुणाचा वाकडा टाका कधी सोडला नाही. मग मला कसं सोडलं गं या लोकांनी?"

मी त्यांचा हात दाबून धरला. ते म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून तयार. "इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "प्रगती." कात्री खाली ठेवायची गरज नाही, वेळेवर आला असता तर एवढा त्रासही झाला नसता, असं त्या म्हणाल्या. मास्तर माझ्याकडे बघायचं टाळत होते. भीती कशाची धरली होती आणि निघालं काय! आधी एक डोळा झाला, मग दुसरा. मधल्या काळात कापायला एक ओळखीचा माणूस ठेवला आणि मास्तरांना टेबलापासून लांब ठेवण्यासाठी मी घराला बाहेरून कडी घालायचीच काय ती बाकी ठेवली.

ज्या दिवशी ते कामावर परत आले, त्या दिवशी दारातच थांबले. मशिनी पाहिल्या, छताकडे पाहिलं, कोपऱ्यातली जळमटं पाहिली. "ही केव्हापासून आहेत?" म्हणाले. मग दांडीवर टांगलेल्या कोटांच्या रांगेकडे गेले. एक काढला. खिडकीशी नेला. उजेडात धरला. कितीतरी दिवसांनी तो हात तसा वर गेला, आणि आम्ही सगळ्या मशिनी थांबवून बघत राहिलो.

"हे काय आहे?"

"तुमचं कलेक्शन," मी म्हटलं.

"अर्धा कोट उलटा शिवलाय!"

"हो."

"आणि हा विकला?"

"भाऊजींनी."

"आणि घेतला कुणी?"

"शहरातल्या सगळ्या शहाण्यांनी."

त्यांनी कोट फिरवून पाहिला. खांद्याची शिवण पाहिली, कॉलर पाहिली, तोंड असं केलं, जणू कडू औषध प्यायलेत. मग दुसरा कोट. मग तिसरा. तेवढ्यात भाऊजी नवीन ऑर्डर घेऊन आत आले, आणि दादाच्या हातातला कोट पाहून दारातच घुटमळले. "दादा, एवढ्यात काही ठरवू नका," ते म्हणाले. "मार्केटला हेच हवंय."

"मार्केटला हवं तर अर्धं चकचकीत, अर्धं मंद शिवून देईन," मास्तर म्हणाले. "पण सुलट्या बाजूनं. दोन वेगळी कापडं घेऊन, शिवणीला शिवण जुळवून. ही घाण नाही." आणि कोट टकळीच्या मशीनवर टाकला. "बाही चढलीय इथे. वर्षभर असंच चाललंय वाटतं? उसव."

टकळीचं तोंड उघडं राहिलं. शब्द फुटेना, पहिल्यांदाच.

मग ते एकेका मशीनपाशी गेले. उसव. उसव. हे पण उसव. माझ्या मशीनपाशी आले, माझी कॉलर उचलली, मला वाटलं बायको म्हणून सोडतील. टाका टाका पाहिला. "तुझी दृष्टी तर चांगली आहे ना?" म्हणाले. "मग हे काय? उसव."

"वहिनी," भाऊजी दारातून हळूच म्हणाले, "'उसवण्याची कला'. कसं वाटतं नाव?"

"भाऊजी," मी म्हटलं, "आत या, बसा, आणि ही बाही धरा."

बसले बिचारे. दुपारभर आम्ही सगळ्या मुकाट्यानं उसवत होतो. मी दोरे ओढत होते, पुटपुटत नवऱ्याला लाखोली वाहत होते, आणि डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसत होते. कोट चुरगळले, काम महिनाभर मागे पडलं. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.